भाऊजींचा अबोला

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा राग साऱ्या बाजारपेठेत प्रसिद्ध होता, आणि गंमत म्हणजे तो कुणी कधी ऐकलेला नव्हता. भाऊजी रागावले की आरडाओरडा करत नसत, आदळआपट करत नसत. ते बोलणं बंद करत. शेजारच्या गाळ्यातल्या घड्याळवाल्याशी त्यांचं पाटी लावायच्या जागेवरून बिनसलं, तर दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मात्र घड्याळवाल्याला बारीक पेचकस लागला की तो मधल्या भिंतीवर ठोकायचा, भाऊजी पेचकस खिडकीतून पुढे करायचे, आणि देताघेताना दोघंही तोंड फिरवून उभे राहायचे. मी पडले मेहुणी, त्यामुळे त्यांना चिडवायचा हक्क मला न मागता मिळालेला. भाऊजी, आता तुमच्या जिभेलाच तेल घालायला हवं, असं मी म्हणायची आणि ते हसायचे. माझ्याशी मात्र त्यांनी कधी अबोला धरला नव्हता. म्हणून तर ताईने शिष्टाईला मला पाठवलं.

भाऊजी शिलाई मशीनं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. पुढे काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पोटं उघडी टाकलेली मशीनं आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांत सुया, स्प्रिंगा, शटलं. सगळ्या वस्तूंना मशीनच्या तेलाचा वास. त्यांच्या शर्टालाही तोच, लग्नातल्या कोटालाही तोच. मशीन आलं की ते आधी उघडत नसत. ते चालू करायचे, पेचकसाचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडावर दाबायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. गेल्या वर्षभरात ते हे जरा जास्तच वेळ करू लागले होते. मला वाटायचं, गिऱ्हाइकावर छाप पाडतायत.

काउंटरखाली कापडाच्या चिंध्यांवर बॉबिन झोपलेली असे. बॉबिन म्हणजे त्यांची कुत्री. पिल्लू असताना घरंगळत गेलेल्या एका बॉबिनच्या मागे लागून ती दुकानात शिरली आणि बाहेर पडलीच नाही. पिवळट रंग, एक कान मोडलेला आणि स्वभाव घरातल्या सर्वांत शहाण्या माणसाचा. मशीनचे जुने चामडी पट्टे एकाला एक जोडून भाऊजींनी तिच्यासाठी लांबलचक पट्टा केला होता. दुकानाच्या सुटीच्या दिवशी दोघं डोंगरावर जायची. आमचं गाव समुद्र आणि डोंगर यांच्या चिमटीत सापडलेलं आहे. शेवटच्या बसथांब्यामागून पायवाट निघते, झुडपांतून चढते आणि मग बराच वेळ कड्याच्या अंगाअंगाने जाते. एका हाताला दगडी भिंत, दुसऱ्या हाताला खाली समुद्र. माथ्यावर एक सपाट खडक आहे. तिथे बसून पाव आणि उकडलेली अंडी खायची, त्यात बॉबिनचा वाटा बरोबरीचा, आणि परतायचं. पाऊस असो, ऊन असो, त्यांचा हा नेम चुकत नसे.

आता घरातलं भांडण. माळा साफ करताना ताईने एक गंजलेलं, हाताने फिरवायचं मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं. भाऊजी पोरवयात ज्या मशीनवर काम शिकले तेच ते. हे तिला माहीत नव्हतं असं तिचं म्हणणं. भाऊजींनी तोंड बंद केलं. हे नेहमीचंच, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. पण आठवडा गेला, महिना गेला, ऋतू बदलला, तरी ते बोलेनात. मध्येच केव्हातरी ताईनेही तोंड बंद केलं होतं. ती माझीच बहीण, तिचाही राग काही कमी नाही. जेवणाचं ताट पुढे सरकवायची आणि बाहेर निघून जायची. शेवटी तिने बॅग भरली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती लेकीकडे जाणार होती.

"त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एक शब्द आण," ताई मला म्हणाली. "शिवी असली तरी चालेल. नाहीतर मी उद्या जाते ती कायमचीच. पुन्हा ह्या घरात पाय ठेवणार नाही."

ती पोकळ धमक्या देणाऱ्यांतली नाही. चाळिशीत एकदा तिने साखर सोडते म्हटलं, ती आजतागायत तोंडात घातलेली नाही. त्यामुळे मी धक्क्यावरच्या ज्या तिकीटखिडकीत मी बसते तिथून रजा घेतली, गुडघ्याला पट्टा बांधला आणि भाऊजींबरोबर डोंगर चढायला निघाले. पन्नाशी उलटलेली बाई, डोंगराशी माझा संबंध लांबून बघण्यापुरता. भाऊजींना नवल वाटलं असावं, पण त्यांनी काही विचारलं नाही.

बसमध्ये आणि खालच्या रुंद वाटेवर तेच बोलत होते. बॉबिन आता थकते, तिचे मागचे पाय आखडतात, परवा तिने काउंटरवरचं लोणी कसं पळवलं, असं एकामागून एक. मला मध्ये बोलायला फट मिळेना. एरवी हा माणूस चार शब्द बोलायला आठ दिवस घेतो. मला वाटलं, विषय निघू नये म्हणून चाललंय. आणि मनात म्हटलं, बोला किती बोलायचं ते, कड्यावर गाठते तुम्हाला.

कड्यावरची वाट अरुंद. पुढे बॉबिन, मध्ये भाऊजी, मागे मी. तोंड एकमेकांकडे नसलं की अवघड बोलणं सोपं जातं, असा माझा हिशेब होता. मी सुरुवात केली. ताईची बाजू मांडली, मग त्यांची मांडली, ताईचा रक्तदाब सांगितला, उद्याची गाडी सांगितली, एका भंगार मशीनपायी माणूस घालवणार का, असंही विचारलं. वारा समुद्राकडून येत होता, पण तिकीटखिडकीच्या काचेतून ओरडून ओरडून माझा घसा तयार झालेला आहे. भाऊजी चालत राहिले. मानसुद्धा हलवली नाही. एकदा तर मी रडवेली झाले आणि म्हटलं, भाऊजी, निदान हूं तरी म्हणा. ते वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.

त्यानंतर मात्र माझं डोकं फिरलं. मी इतकी वर्षं ह्या माणसाची बाजू घेतली, आणि आज तो मलाही वाळीत टाकतोय. मी बोलणं थांबवलं आणि मुद्दाम मागे राहिले. म्हटलं, जाऊ दे ताईला. अशा दगडाजवळ राहून तिने करायचं तरी काय?

पुढे वाट एका वळणाकडे जात होती. त्या वळणापलीकडच्या उतारावर नव्या रस्त्याचं काम चालू होतं. डोंगर फोडायला सुरुंग लावत, आणि उडवण्याआधी भोंगा वाजवत. सुटीच्या दिवशी काम बंद असतं असं सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी नेमकं ते चालू होतं.

बॉबिन अचानक खाली बसली. भाऊजींनी पट्टा हलकेच ओढला. ती उठेना. पोट जमिनीला टेकवून, मान मागे वळवून माझ्याकडे बघायला लागली. भाऊजींनी तिच्या मागच्या पायांवरून हात फिरवला, पट्ट्याची कडी सोडली आणि मला खूण केली, की ही दमली, हिच्याजवळ थांब, मी पुढे बघून येतो. पट्टा हाताला गुंडाळत ते वळणाकडे चालू लागले. तेवढ्यात मलाही ऐकू आला. भोंगा. आधी वाऱ्यात मिसळलेला, मग चांगला मोठा, कानठळ्या बसवणारा.

मी हाक मारली. ते थांबले नाहीत. मी जिवाच्या आकांताने ओरडले, भाऊजी, मागे फिरा, सुरुंग आहे. ते शांतपणे, हात मागे बांधून, समुद्राकडे बघत चालले होते. पहिला विचार माझ्या मनात आला तो सांगायला मला लाज वाटते. मला वाटलं, केवढा हा हट्ट! आणि लगेच दुसरा विचार आला. माणूस बायकोशी अबोला धरेल, मेहुणीशी धरेल. भोंग्याशी कोण धरतो?

त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. कानामागे दाबलेली मूठ दिसली. शिंपीणबाई दोनदा मशीन परत घेऊन आली होती, टकटक अजून येतेय म्हणून, आणि भाऊजी दोराच खराब आहे म्हणून अडून बसले होते, ते दिसलं. बसमधली ती न थांबणारी बडबड दिसली. पण विचार करायला वेळ नव्हता. भोंगा थांबला होता, आणि थांबला म्हणजे आता उडणार.

मी धावले. गुडघ्याचा पट्टा कुठे सुटला ते कळलं नाही. वाट खडीची, एक पाय घसरला असता तर थेट खाली. ते वळणापाशी पोचत आले होते आणि मी त्यांना गाठू शकणार नव्हते, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी खांद्यावरची पाण्याची बाटली काढली आणि होती नव्हती ती ताकद लावून फेकली. ती त्यांच्या पाठीत बसली. ते असे संतापून वळले, की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं, माझे हात पाहिले. बस, एवढंच. ते तिथल्या तिथे भिंतीला चिकटले आणि मीही जिथे होते तिथे डोकं धरून बसले.

डोंगर हादरला. वळणापलीकडून धुळीचा लोट आला आणि त्यामागून दगड, काही मुठीएवढे, काही मडक्याएवढे, वाटेवर आपटून खाली समुद्रात जाऊ लागले. एक त्यांच्या आणि माझ्यामध्ये पडला आणि फुटला. भाऊजींनी डोळे उघडे ठेवले होते. ते ऐकत नव्हते, नुसते बघत होते.

सगळं निवळल्यावर मी मागे वळले. बॉबिन जागेवर नव्हती.

भाऊजी उठले, कपडे न झटकताच मागे आले, दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. मग थांबले. पुन्हा घातली. डोकं एका बाजूला कलतं करून उभे राहिले, अगदी दुकानात उभे राहतात तसे. मला खालून बॉबिनचं केविलवाणं कुंईकुंई स्वच्छ ऐकू येत होतं. आणि ते मात्र भलतीकडेच, वरच्या झुडपांकडे बघत होते. मला वाटतं, त्यांनी स्वतःहून विचारावं अशी माझी इच्छा होती, आणि विचारू नये अशीही.

ते माझ्याकडे वळले. चेहरा धुळीने पांढरा झालेला.

"ती ओरडतेय का?" त्यांनी विचारलं. "तुला येतंय ऐकू?"

मी मान हलवली आणि खाली बोट दाखवलं.

वाटेच्या खाली, दोन पुरुष खोल, एक अरुंद कपार होती. भेदरून पळताना बॉबिन घसरून तिथे पडली होती. खाली नुसतं पाणी आणि खडक. ती उभी होती, मागचे पाय थरथरत होते. आणखी थोडा वेळ ती तशी उभी राहू शकली नसती. कामावरच्या माणसांना बोलावून आणते, असं मी खुणेने सांगितलं. त्यांनी नकार दिला. त्यांनी चामडी पट्ट्याचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या, आणि ठरवून दिलं, की वरून दगड सुटतोय असं कळलं की मी पट्टा ओढायचा आणि ते जागचे हलणार नाहीत. त्यांचं तोंड भिंतीकडे राहणार होतं. माझे ओठ दिसणार नव्हते आणि माझी हाक पोचणार नव्हती. तो पट्टा त्यांचं वजन पेलण्याइतका नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी वाटेवर पालथी पडले. ते उतरू लागले. हाताने चाचपत, बुटाचं टोक खोबणीत घालून बघत, मशीन उघडताना करतात तसं सावकाश. सुरुंगाने सैल झालेले दगड वरून अजून अधूनमधून सुटत होते. सुटण्याआधी माती कुरकुरते. तो आवाज मला येत होता. मी पट्टा ओढायची, ते भिंतीला छाती लावून गप्प व्हायचे, दगड त्यांच्या शेजारून जायचा, आणि मग मी सैल सोडायची. एकदा मला उशीर झाला. दगड त्यांच्या कोपराला घासून गेला आणि त्यांचा एक पाय सुटला. पट्टा ताणला, माझं मनगट कापलं गेलं, मी डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी ताईची भरलेली बॅग आठवली आणि वाटलं, हे गेले तर उद्या ती कुठेच जाणार नाही, आणि ते किती वाईट असेल. डोळे उघडले तर ते कपारीत उभे होते आणि बॉबिन त्यांचं तोंड चाटत होती.

तिला त्यांनी खांद्यावर घेऊन वर ढकललं, मी तिच्या मानेला धरून खेचलं. मग ते आले. आम्ही तिघंही भिंतीला टेकून बराच वेळ नुसते धापा टाकत होतो. पाव आणि अंड्यांची पिशवी खाली समुद्रात गेली होती.

मी त्यांच्यासमोर येऊन बसले आणि कधीपासून, असं विचारलं. वर्ष होत आलं, ते म्हणाले. आधी डावा गेला, मग उजवाही ओसरत गेला. आता तोंड समोर असेल तर अर्धं ओठांवरून कळतं, अर्धं अंदाजाने. बहिऱ्याकडे मशीन कोण आणील, म्हणून कुणाला कळू दिलं नाही. आणि घरात? घरात तर सोय झाली होती. कुणीच कुणाशी बोलत नाही, तर कळणार कसं? त्यांनी आठवडाभरच अबोला धरला होता. मग एका सकाळी ते बोलायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारात गेले, तर ताई पाठ फिरवून निघून गेली. त्यांना वाटलं, आता ती रागावली. मग त्यांनी ते तसंच चालू दिलं.

"तिला सांगू नकोस," भाऊजी म्हणाले. "चिडका आहे म्हणून सोडून गेली तर चालेल. कीव करून राहिली तर नको."

मी शब्द दिला नाही. मला त्यांचा इतका राग आला होता, की रडूच आलं. मी म्हटलं, ओठ मोठे करून करून म्हटलं, मी खोटंही बोलणार नाही आणि चहाडीही करणार नाही, काय ते तुम्ही बघा. उतरताना ते वाटभर गप्प होते. हा अबोला होता की विचार, ते मला कळायला मार्ग नव्हता.

घरी पोचलो तेव्हा बॅग दाराशी होती. ताई मोरीपाशी भांडी घासत होती, नळ मोठा सोडलेला. तिने वळून पाहिलं. धुळीने माखलेली आम्ही तिघं, भाऊजींच्या कोपराला रक्त, माझ्या मनगटाला रुमाल. तिचा चेहरा पडला, पण तिने त्यांना काही विचारलं नाही. मला विचारलं, काय म्हणाले? मी आयुष्यात पहिल्यांदा मूग गिळून उभी राहिले. भाऊजी कधी माझ्या ओठांकडे बघत होते, कधी तिच्या. ताईने पुन्हा नळाकडे तोंड केलं आणि भिंतीला सांगावं तसं काहीतरी पुटपुटली. मला ते ऐकू आलं. ती म्हणाली, अजून किती वेळा माफी मागायची मी?

भाऊजींना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांना तिचे हलणारे खांदे तेवढे दिसले. ते पुढे गेले, नळ बंद केला आणि तिला दोन्ही दंडांना धरून स्वतःकडे वळवलं.

"माझ्याकडे तोंड करून बोल," ते म्हणाले. "कान गेलेत माझे. मला काहीच ऐकू येत नाही."

ताई बघतच राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. तिच्या हातातलं ताट तसंच निथळत होतं. ती काहीतरी आठवून मोजत असल्यासारखी दिसली, आणि मग तिने जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. भंगारवाल्याच्या प्रकरणानंतर दोन-तीन दिवसांतच, दिवा मालवल्यावर, तिने त्यांची माफी मागितली होती. ते कुशीवर होते, पाठ तिच्याकडे, पण जागे होते. त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. त्याच आठवड्यात तिने आणखी दोनदा मागितली, दोन्ही वेळा तशीच, त्यांच्या पाठीला. आणि तिन्ही वेळा काही उत्तर आलं नाही, म्हणून तिने बोलणं सोडलं.

हे सगळं ती भरभर बोलली. भाऊजींच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, ते तिच्या ओठांमागे धावत होते आणि मागे पडत होते.

"हळू," ते म्हणाले. "पुन्हा सांग. काय म्हणाली होतीस?"

माझी बहीण कशी आहे ते मला माहीत आहे. दिवा मालवून, पाठीला, दबक्या आवाजात माफी मागणं हेच तिला कसंबसं जमलेलं. आता तिला ती भर दिवसा, धाकट्या बहिणीच्या देखत, नवऱ्याच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून मागायची होती. तिने ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले. आणि मागितली. आवाज चिरकला, पण एकही शब्द गाळला नाही. भाऊजी तिच्या ओठांवरून नजर न हलवता शेवटपर्यंत बघत राहिले.

"त्या मशीनचं होय?" ते म्हणाले. "ते तर मी आठवड्यातच विसरलो होतो."

ताईने त्यांच्या छातीवर एक चापट मारली, मग दुसरी, आणि मग तिला रडू आवरेना.